मुलांना घेऊन मारझोडीच्या घरातून बाहेर पडताना: आधी काय, नंतर काय

‘थोडा धीर आला की निघेन’ असं म्हणता म्हणता वर्षं जातात. मग एका रात्री मार असह्य होतो आणि बाई मुलांना उचलून, हाताला लागेल ते घेऊन बाहेर पडते. पंधरा दिवसांत पैसे संपतात, मुलांची शाळा बुडते, माहेरची चार मोठी माणसं समजूत घालतात आणि ती परत नांदायला जाते. तिच्यात हिंमत नव्हती असं नाही, तिची तयारी झालेली नव्हती. धीर आधी आणि तयारी नंतर, हा क्रमच बहुतेकींचा चुकतो. स्वतःच्या खात्यात दोन हजार रुपये पडले, मुलांचे जन्मदाखले मैत्रिणीच्या कपाटात गेले, ‘रात्री बाराला आलीस तरी दार उघडेन’ असं म्हणणारं एक माणूस मिळालं, की पाय आपोआप घट्ट रोवले जातात.

पुढचे टप्पे महाराष्ट्रातल्या व्यवस्थेला धरून आहेत. कायदा मात्र देशभर एकच आहे: २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. त्यात मारहाणीइतकंच शिवीगाळ, घाणेरडे आरोप, लैंगिक जबरदस्ती, आणि पैसे किंवा दागिने अडकवून ठेवणं हेही हिंसाचारात मोडतं.

थांबा: आत्ता, या क्षणी जिवाला धोका असेल तर खालचं काहीही वाचत बसू नका. ११२ ला फोन करा आणि मुलांसह बाहेर पडा. कागद नंतरही मिळवता येतात.

### १. धोका किती आहे ते आधी जोखा

सगळ्या घरांत धोका सारखा नसतो, त्यामुळे तयारीला किती दिवस घ्यायचे हेही सारखं नसतं. नवऱ्याने कधी गळा दाबला आहे का? कोयता, सुरी, रॉकेल यांची भीती घातली आहे का? गरोदरपणात मारलं आहे का? ‘मुलांना संपवीन आणि मीही मरेन’ असं म्हणतो का? पाळत ठेवतो का? गेल्या काही महिन्यांत मार वाढला आहे का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर तयारी महिन्यांची न ठेवता दिवसांची ठेवा आणि एकटीने काही ठरवू नका. १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा जिल्ह्याच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये बोलून घ्या.

गळा दाबला असेल तर अंगावर वळ नसला तरी डॉक्टरांना दाखवा. आवाज बसणं, गिळताना दुखणं, चक्कर, डोळ्यांत लाल ठिपके ही आतल्या इजेची लक्षणं आहेत आणि त्रास काही वेळा एक-दोन दिवसांनी वाढतो.

सर्वांत जास्त धोका असतो तो बाई निघते आहे हे त्याला कळतं तेव्हा, आणि निघाल्यानंतरच्या काही आठवड्यांत. म्हणून भांडणाच्या भरात ‘मी चालले मुलांना घेऊन’ असं कधीही म्हणायचं नाही. ‘बघतेच तुला कोर्टात’ हेही नाही. ही सर्रास होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. घर सोडणं हा एकच मार्ग नाही. लग्नानंतर तुम्ही ज्या घरात राहिलात तिथे राहण्याचा तुम्हाला हक्क आहे, घर नवऱ्याच्या नावावर असो वा नसो. कोर्ट नवऱ्यालाच त्या घरातून बाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतं. पण आदेश मिळेपर्यंत त्याच छपराखाली राहणं सुरक्षित आहे का, हे वरच्या प्रश्नांवरूनच ठरवा.

### २. एक माणूस आणि दोन ठिकाणं

योजना फार तर दोघांना सांगा. बहुतेकदा पहिलं नाव आईचं डोक्यात येतं. पण ती घाबरून जावयाला फोन करेल अशी थोडी जरी शंका असेल तर मावशी, मैत्रीण, जुन्या शाळेतल्या बाई, कामावरची सहकारी असं कोणीतरी निवडा. दीर-नणंदेकडची, कितीही चांगली वाटली तरी, नको.

ठिकाणं दोन ठरवा, कारण तो शोधायला पहिल्यांदा माहेरीच जाईल. सखी सेंटरमध्ये साधारण पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, समुपदेशन आणि पोलीस-वकिलांची मदत एका ठिकाणी मिळते. त्याहून जास्त काळासाठी शक्ती सदन आहे. पूर्वी यालाच स्वाधार गृह म्हणत.

तपासा: मुलगा मोठा असेल तर निवाऱ्यात त्याला आईबरोबर ठेवतात का, वयाची अट काय, हे आधी फोनवर विचारा. दारात पोहोचल्यावर ‘मुलाला इथे ठेवता येणार नाही’ असं ऐकून तिथूनच माघारी फिरणाऱ्या आया असतात.

### ३. फोन

बहुतेक बेत फोनमुळेच फुटतात. चौकशीचे फोन शेजारणीच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या फोनवरून करा, कारण तुमच्या फोनवर १८१ ची नोंद राहते. मग हे बघा: तुमच्या व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी उपकरण दिसतं का, गूगल मॅप्सवर लोकेशन शेअरिंग चालू आहे का, तुमच्या फोनमध्ये त्याचं ईमेल खातं तर नाही ना. मुलांच्या अभ्यासाचा टॅब आणि मनगटावरचं स्मार्टवॉच हमखास विसरलं जातं, आणि जागा सापडते ती त्यातूनच.

यातलं काहीही आत्ता बंद करू नका. लोकेशन अचानक बंद झालं तर त्याला संशय येईल. नुसती नोंद करून ठेवा, बंद करायचं ते निघाल्यावर. शक्य असेल तर साधा बटणांचा फोन आणि स्वतःच्या नावावरचं सिम घेऊन मैत्रिणीकडे ठेवा. जुनं सिम त्याच्या नावावर असेल तर तो ते बंद करू शकतो आणि तुमचे सगळे ओटीपी त्याबरोबर जातील.

### ४. कागद, पैसे, दागिने

कागदांना सर्वांत जास्त वेळ लागतो. एका दिवशी सगळी फाइल गायब झाली तर लगेच लक्षात येतं. म्हणून आधी सगळ्याचे फोटो काढा, ते मैत्रिणीला पाठवून स्वतःच्या फोनमधून पुसा, आणि मूळ कागद आठवड्याला एक-दोन असे हलवा.

मुलांचे जन्मदाखले, आधार, लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या गुणपत्रिका, पासपोर्ट. तुमचे शिक्षणाचे दाखले, पॅन, आधार, लग्नाचं प्रमाणपत्र किंवा ते नसेल तर पत्रिका आणि फोटो. रेशन कार्डाची प्रत. घराचा कागद, सातबारा, वीजबिल यांचे फोटो. नवऱ्याच्या पगाराची पावती, पासबुक, आयकराचं विवरण, विमा पॉलिसी, गाडीचं आरसी बुक यांचेही फोटो, कारण पोटगी ठरते ती त्याच्या कमाईवर आणि कोर्टात तो ‘मी बेकार आहे’ असं सांगण्याची शक्यता मोठी असते.

दोन कागद जवळपास प्रत्येकजण विसरते: नवऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला. मुलांच्या जातपडताळणीसाठी वडिलांकडचे पुरावे मागतात. दहा वर्षांनी मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी त्या प्रतींसाठी सासरच्या दारात उभं राहावं लागू नये.

पैशांसाठी स्वतःच्या एकटीच्या नावाने, शक्यतो वेगळ्या बँकेत खातं उघडा. जनधन खात्याला किमान शिल्लक लागत नाही, पोस्टाचं बचत खातं ५०० रुपयांत उघडतं. इथे दोन सापळे आहेत. पहिला: आधारवर पत्ता सासरचा असेल तर एटीएम कार्ड टपालाने थेट घरी येतं. शाखेत स्पष्ट सांगा की कार्ड नको, किंवा शाखेतूनच हातात द्या. दुसरा: आधारला नवऱ्याचा मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातो. आधार केंद्रावर जाऊन तो आधी बदलून घ्या. ‘लाडकी बहीण’सारख्या योजनेचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. ते नव्या खात्यात हवे असतील तर ‘हेच खातं आधारला जोडा’ असं बँकेला वेगळं सांगावं लागतं.

किती पैसे लागतील? खोलीचं डिपॉझिट, एक महिन्याचं भाडं, किराणा, औषधं, मुलांच्या शाळेचा प्रवास, वकिलाच्या कागदांचा किरकोळ खर्च, असं मांडून आकडा काढा. पूर्ण आकडा जमेपर्यंत थांबायलाच हवं असं नाही, पण किती कमी पडतंय ते माहीत हवं. एसटीत बाईला निम्मं तिकीट आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही निम्मं.

दागिन्यांचे फोटो आणि पावत्या जमवा. लग्नाच्या अल्बमात अंगावर दिसणारे दागिनेही पुरावा ठरतात. माहेरून, सासरहून, नातेवाइकांकडून तुम्हाला मिळालेलं सगळं तुमचं स्त्रीधन आहे.

चूक: नवऱ्याचं एटीएम कार्ड, त्याची रोकड, त्याच्या नावावरची स्कूटर नेऊ नका. त्यावर चोरीची तक्रार होते आणि पहिल्याच तारखेला तुम्ही बचावात जाता.

### ५. पुरावा

दिनांक, वेळ, काय झालं, मुलांनी काय पाहिलं, एवढं चार ओळींत लिहा. वही घरात ठेवू नका. मैत्रिणीला मेसेज पाठवून स्वतःकडचा पुसला तरी चालतो, तिच्याकडे तारखेसह राहतो. जखमेचे फोटो दोनदा काढा, त्याच दिवशी आणि दोन-तीन दिवसांनी, कारण काळानिळा डाग उशिरा उमटतो. एका फोटोत चेहरा आणि जखम एकत्र दिसू द्या. त्याचे मेसेज आणि ऑडिओ कापाकापी न करता मूळ फोनमध्ये जपा. पती-पत्नीमधलं गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून मांडता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी रेकॉर्डिंग करताना पकडलं जाण्याचा धोका असेल तर तो पत्करू नका.

दवाखान्यात ‘पायरीवरून पडले’ असं सांगितलं की तेच केसपेपरवर लिहिलं जातं आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत तुमच्यासमोर धरलं जातं. डॉक्टरांना एकटीला गाठा आणि ‘नवऱ्याने मारलं’ असं लिहून घ्या. मुंबईत महापालिकेच्या काही रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्रं आहेत, तिथल्या समुपदेशक हे काम नीट जाणतात.

### ६. मुलं

लहान मुलांना तारीख सांगायची नाही. त्यांच्या पोटात राहत नाही, आणि राहिलं तर त्याचं ओझं होतं. बारा-तेराच्या पुढच्या मुलाला आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सांगा. पण हे आधीच शिकवून ठेवता येतं: मारामारी सुरू झाली की मध्ये पडायचं नाही, स्वयंपाकघरात जायचं नाही, तिथे सुऱ्या असतात, शेजारच्या काकूंकडे जायचं, ११२ ला किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करून पत्ता सांगायचा. एक खुणेचा शब्द ठरवा, जो ऐकला की मुलांनी चपला घालून दारात यायचं.

‘मुलांना नंतर नेऊ, आधी मी सावरते’ असं करू नका. मागे राहिलेली मुलं परत मिळवायला महिने लागतात, आणि मधल्या काळात ‘आई टाकून गेली’ हे त्यांच्या मनात भरवलं जातं. एकाला नेऊन दुसऱ्याला ठेवणंही तसंच. निघायचं तर सगळ्यांना घेऊन, एकाच फेरीत. ताब्याविषयी कोर्टाचा आदेश झालेला नसताना आईने मुलांना बरोबर नेणं म्हणजे अपहरण नव्हे. आदेश झालेला असेल तर मात्र आधी वकिलाशी बोला.

मुलाने बापाबद्दल किंवा घरातल्या कोणाबद्दल लैंगिक गैरवर्तनाचं काही सांगितलं तर योजना बाजूला ठेवून लगेच १०९८ ला किंवा पोलिसांना कळवा. त्यासाठी पॉक्सो हा वेगळा आणि कडक कायदा आहे.

### ७. निघण्याचा दिवस

साधा वार निवडा, जेव्हा तो नेहमीप्रमाणे चार-सहा तास बाहेर असतो. सण, पगाराचा दिवस, त्याची सुट्टी टाळा. मुलांना शाळेतून नेहमीच्या वेळी घेऊन तसंच पुढे जाणं सर्वांत कमी नजरेत येतं, कारण दप्तर आणि डबा घेऊन निघालेल्या आईला कोणी हटकत नाही. मोठी बॅग नको. दोन जोड कपडे, औषधं, चष्मा, मुलाची ती एक चादर किंवा बाहुली जिच्याशिवाय तो झोपत नाही. बाकीचं आधीच मैत्रिणीकडे गेलेलं असेल.

चिठ्ठी लिहून ठेवू नका. रिक्षा त्याच्या खात्याला जोडलेल्या ॲपवरून बोलावू नका. फोनमधलं लोकेशन आता बंद करा आणि टॅब घरीच राहू द्या.

तपासा: तो अचानक परत आला तर काय सांगायचं? ‘धाकट्याला ताप वाटतोय, दवाखान्यात निघालेय’ असं एक वाक्य तयार असू द्या. त्या दिवशी निघणं जमलं नाही तर योजना मोडत नाही, दुसरा वार बघा.

### ८. पहिले तीन दिवस

जिथे पोहोचलात तिथल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या: ‘मी अमुक तारखेला पतीच्या छळामुळे मुलांसह स्वेच्छेने घर सोडले आहे, मी बेपत्ता नाही, माझा पत्ता पतीस सांगू नये.’ दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. नवरा मिसिंगची तक्रार करणारच. ही पोच असली की पोलीस तुम्हाला ‘शोधून’ त्याच्या हवाली करत नाहीत.

तक्रार करायची असेल तर एनसी आणि एफआयआर यांतला फरक लक्षात ठेवा. एनसी म्हणजे नुसती नोंद, तिच्यावर कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. पतीकडून होणारा क्रूर छळ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली (जुनं ४९८अ) दखलपात्र गुन्हा आहे. तो तुम्ही आश्रय घेतलेल्या गावातही नोंदवता येतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्यात नोंद घेत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना किंवा उपायुक्तांना पाठवा. शहरांतले पोलिसांचे भरोसा सेल आणि महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष अशा वेळी उपयोगी पडतात.

शाळेचं अडवून ठेवू नका. आठवीपर्यंतच्या मुलांना सरकारी किंवा अनुदानित शाळेत, टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षणहक्क कायद्यातच तसं आहे. नव्या शाळेला लेखी कळवा की मुलांना तुमच्याशिवाय कोणाच्या ताब्यात देऊ नये. पण आदेशाविना ही फक्त विनंती असते, कारण बापही पालक आहे. म्हणून पुढचा टप्पा लांबवू नका.

### ९. कोर्टात काय मागायचं

इथे चूक होते ती अशी: सगळा जोर कलम ८५ वर, म्हणजे जुन्या ४९८अ वर, लावला जातो. त्या खटल्यात त्याला शिक्षा होऊ शकते, पण तुम्हाला घर, पैसे, मुलांचा ताबा त्यातून मिळत नाही. ते मिळतं २००५ च्या कायद्याच्या कलम १२ खालच्या अर्जातून, ज्याला सगळे ‘डीव्हीची केस’ म्हणतात. तो तुम्ही सध्या तात्पुरत्या राहता तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही करता येतो. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून देतात, त्याचे पैसे नसतात. ते कोण, हे जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात कळेल. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांचा नंबर १५१००.

अर्जात सगळं एकदम मागा: कलम १८ खाली त्याने जवळ येऊ नये, फोन करू नये असा आदेश, १९ खाली राहण्याची सोय किंवा भाडं, आणि स्त्रीधन परत, २० खाली खर्च, २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा, २२ खाली भरपाई. आणि कलम २३ चा अंतरिम अर्ज, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशाचा, त्याच दिवशी जोडा. कायद्यात पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत असं म्हटलं असलं तरी प्रत्यक्षात तारखा लांबतात. अंतरिम आदेश नसेल तर तो सगळा काळ तुम्ही रिकाम्या हाताने काढता.

खर्च ठोक रकमेत मागू नका. भाडं, फी, ट्यूशन, दूध, औषधं असा एकेक आकडा पावतीसह मांडा. दोघांनीही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. म्हणजे अर्ज जितका उशिरा, तितके महिने बुडाले.

ताब्यात मुलाचं हित पाहतात. हिंदू कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच असतं. कोर्टाने भेट ठरवली तर ती चुकवू नका, तो मुद्दा तुमच्यावर उलटतो. भीती असेल तर भेट कोर्टाच्या आवारात आणि देखरेखीखाली व्हावी असं मागा.

आदेश हातात आला की प्रती मोफत मिळतात. एक पोलीस ठाण्यात, एक शाळेत, एक पर्समध्ये. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

### १०. ‘झालं गेलं विसरा, नांदायला पाठवा’

हे दोन-तीन आठवड्यांत येतंच. मध्यस्थ, मामा, सरपंच, कधी जातपंचायत. जातपंचायतीने वाळीत टाकण्याची धमकी दिली तर तो २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. ‘नांदायला या’ अशी वकिलाची नोटीस आली तर घाबरू नका आणि फेकूनही देऊ नका, मुदतीत उत्तर द्या की छळामुळे घर सोडावं लागलं.

स्टॅम्प पेपरवर सही करू नका. ‘नोटरीसमोर काडीमोड’ म्हणजे कायदेशीर घटस्फोट नव्हे, आणि त्या कागदात ‘पोटगी नको, मुलं बापाकडे’ अशी ओळ अनेकदा घुसवलेली असते. संयुक्त समुपदेशनात त्याच्यासमोर बोलायची भीती वाटत असेल तर वेगवेगळी बैठक मागा.

काहीजणी परत जातात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मुलांची फी आणि आईचं आजारपण समोर असलं की माणूस असे निर्णय घेतो. पण परत जायचं ठरलंच, तर केस आधी मागे घेऊ नका. ‘केस काढून टाक, मग घरी ये’ ही अट मान्य केली तर पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून करावं लागतं. वकिलाला पुढची तारीख घ्यायला सांगा. काय ठरलं ते कोर्टात लिहून घ्या. खातं चालू ठेवा, त्याचा पिन कोणालाही देऊ नका. कागदांची पिशवी मैत्रिणीकडेच राहू द्या, आणि बटणांचा फोन चार्ज केलेला.